गॅरेजमधली मारिया

लेस्टरच्या आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज लाकडाचा असे. घरामागच्या गल्लीत विटांचे एक बुटके गॅरेज होते. आमच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे ते पप्पांकडे गेले. लाकडी हातोड्याचे काही ठोके, मग शांतता, मग पटाशी तिरकी धरून लाकूड सोलल्याचा एक लांब आवाज. त्या वेळी आई रात्रपाळीवरून परतलेली असे आणि युनिफॉर्म न बदलताच चहाचे आधण ठेवत असे. शेजारच्या हंसाबेनच्या स्वयंपाकघरातून गुजराती भजने ऐकू येत आणि त्यांच्या मागे बेलग्रेव्ह रोडवरच्या बसचे ब्रेक. आईला ठोक्यांवरून सगळे कळे. ते एका लयीत पडत असले की ती चहात बिस्किट बुडवून निवांत बसे. ठोके थांबून खोकला ऐकू आला की खिडकी वर सरकवून हाक मारी, "अहो, मास्क लावलाय का?" उत्तर येत नसे. उत्तर आले नाही म्हणजे मास्क लावलेला नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

आम्ही वसईचे कॅथलिक. आईला इथल्या एका हॉस्पिटलने नर्स म्हणून बोलावून घेतले आणि तिच्यामागे पप्पा आणि मी आलो. पप्पांचे नाव पास्कल, आईचे रेजिना. पप्पांच्या घरात चर्चमधल्या वेद्या आणि संतांचे पुतळे कोरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. पोर्तुगीज काळातल्या एखाद्या वेदीला वाळवी लागली की त्यांच्या वडिलांना बोलावणे येई. लेस्टरमध्ये पप्पा पार्सलच्या गोदामात दुपारच्या पाळीत खोकी उचलत. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती; सकाळ मोकळी मिळते, एवढेच म्हणत. घराला दोन वास होते. मागच्या बाजूला सरस आणि कोरडे लाकूड, पुढच्या बाजूला बाटली मसाला. हा मसाला आजी वसईहून बाटल्यांत ठासून पाठवी, सोबत केळीच्या सुक्या पानांत बांधलेली सुकेळी. रविवारी डुकराच्या मांसाचे इंद्याल शेगडीवर असे आणि आमचे कोट त्या वासाचे होत. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आमच्या पुढच्या बाकावर बसणारी एक आयरिश म्हातारी आईला म्हणाली होती, "तुम्ही आलात की मला भूक लागते." आईने ते कौतुक म्हणून घेतले. मी बराच काळ टोमणा म्हणून घेतले. आता वाटते, त्या बाईला खरोखरच भूक लागत असावी.

ते चर्च बाहेरून साधे होते, काळवंडलेल्या विटांचे. आतली वेदी मात्र दुसऱ्या देशातली होती. फ्लँडर्समधला एक मठ बंद पडल्यावर तिथली बरोक शैलीतली लाकडी वेदी कुणा श्रीमंत भाविकाने उचलून इथे आणून बसवली, असे पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या लोकांत, सांगत. पिळाचे खांब, लाकडाचे ढग, ढगांतून डोकावणारी पंखांची बाळे, आणि सगळ्यात वर, छताजवळ, क्रुसावरचा ख्रिस्त. त्याच्या एका बाजूला शिष्य योहान. दुसऱ्या बाजूला, जिथे ख्रिस्ताची आई मारिया असायला हवी, तिथे रिकामा कोनाडा. ती वाटेत हरवली की आगीत गेली, याबद्दल दोन मते होती. कोरणाऱ्याचे नाव कुठेही नव्हते. पप्पा त्याला मेस्त्री म्हणत.

छताच्या दुरुस्तीसाठी चर्चमध्ये लोखंडी नळ्यांचे स्कॅफोल्ड उभे राहिले, तेव्हा फादर ब्रायन पप्पांना वर घेऊन गेले. फादर ब्रायन आमचे पॅरिश प्रीस्ट, मोठ्या आवाजाचे आणि गुडघेदुखीचे. दोघे वर असताना मी खाली बाकावर शाळेचा अभ्यास करत बसले होते. पप्पा उतरले तेव्हा हसत होते. ते सहसा हसत नसत, म्हणून लक्षात राहिले.

"योहान जवळून भयंकर दिसतो," ते म्हणाले. "कपाळ हे एवढं. मान जिराफाची. पाय आखूड. डोळ्यांच्या खाचा इतक्या खोल की अख्खं बोट जाईल."

यात आनंद होण्यासारखे काय ते मला कळेना. त्यांनी मला बाकांच्या मधल्या वाटेवर नेऊन उभे केले आणि वर बघायला सांगितले. तिथून योहान तरुण होता, देखणा होता आणि रडू आवरत होता.

"खालून बघताना कपाळ आखडतं, मान गायब होते, हनुवटी पुढे येते," पप्पा म्हणाले. "म्हणून तो आधीच उलटं बिघडवून ठेवतो. बघणारा कुठे उभा राहणार ते आधी ठरवायचं, मग पटाशी उचलायची. आजोबा पण असंच करायचे."

त्यानंतर मेस्त्री आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. तो डावखुरा होता, कारण पटाशीच्या खुणा उलट्या उतरतात. लाकूड तडकू नये म्हणून तो पुतळ्यांची पाठ आतून पोकळ करी, आणि ती पोकळीही घासूनपुसून स्वच्छ ठेवी, जिथे पाहायला कोणी येणार नव्हते. ढगांतली बाळे त्याने उमेदीच्या काळात कोरली. योहान म्हातारपणी, कारण योहानच्या गुडघ्यांखालचे वस्त्र दुसऱ्याच कुणी, भीत भीत पुरे केले आहे.

"आजारी पडला असणार," पप्पा म्हणत. "किंवा बायको गेली असणार."

"त्याची बायको कशाला मारता तुम्ही? जेवा आता," आई म्हणे.

यातल्या कशालाही पुरावा नाही. मी पुढे बातमीदारी केली. तिथे अनुमान हे अनुमान म्हणूनच द्यायचे असते, म्हणून तसे नोंदवते. बऱ्याच वर्षांनी मी फ्लँडर्सला जाऊन तो मठ शोधला. त्या जागी सुपरमार्केटचे पार्किंग आहे. मेस्त्रीचे नाव मला मिळाले नाही.

रिकाम्या कोनाड्यासाठी मारिया कोरायची कल्पना फादर ब्रायनची. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये एका लाइम वृक्षाचे खोड कित्येक वर्षे वाळत पडले होते. या लाइमचा लिंबाशी संबंध नाही. ते उंच, सावलीचे झाड असते. त्याचे लाकूड फिकट, मऊ, रेषा जवळजवळ न दिसणारे. मेस्त्रीनेही हेच वापरले होते. पॅरिशच्या कमिटीने तत्त्वतः मान्यता दिली, म्हणजे हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. काहींना कॅटलॉगमधून प्लास्टरची मारिया मागवणे बरे वाटत होते. अट एकच होती. स्कॅफोल्ड ईस्टरनंतर उतरणार होते, आणि ते उतरल्यावर त्या उंचीवर पोचायला दुसरा मार्ग नव्हता. त्याच्या आत पुतळा तयार हवा.

पप्पांना ती मारिया त्या कोनाड्यात उभी राहिलेली पाहायची होती. असे ते सरळ कधी बोलले नाहीत. एकदा आई इस्त्री करत असताना एवढेच म्हणाले, "या देशात आपलं एक काम उभं राहिलं की बास." आई म्हणाली, "आणि मी रोज वॉर्डात उभी असते ते?" पप्पा म्हणाले, "तू माझं काम नाहीस. तू आजोबांचं काम. त्यांनीच तुला माझ्यासाठी बघून ठेवलं होतं." आईने इस्त्रीसाठीचे पाणी त्यांच्यावर शिंपडले.

त्या हिवाळ्यात शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये चहा नेऊन देणे माझ्याकडे होते. पुतळा बाकावर उभा असे, माझ्या खांद्याएवढ्या उंचीचा, तोंडावर पांढरे कापड. हा आजोबांच्या घरचा नियम होता. पुतळा जागेवर चढेपर्यंत कोरणाऱ्याखेरीज कोणी त्याचा चेहरा बघायचा नाही. चढवणारे शिडीवरून कापड काढतात, तेव्हा कोरणारा चर्चच्या दारात जाऊन उभा राहतो आणि तिथून बघतो. मी आत शिरले की पप्पा कापड खाली ओढत. पुष्कळदा ते मला जमिनीवर आडवे सापडत. सिमेंटवर जुनी चटई, हात छातीवर, पाय पुतळ्याच्या दिशेने. पहिल्या वेळी मला वाटले, ते पडले.

"बघतोय," ते म्हणाले. मग उठून दोन ठोके घातले आणि पुन्हा आडवे झाले.

आई यावर चिडे. "बर्फासारख्या जमिनीवर झोपता. छाती बिघडली की मी तुमची नर्सिंग करत बसू?"

"तू नाही तर कोण करणार?"

"सिस्टरला सांगेन, हा पेशंट ऐकत नाही, याला दुसऱ्या वॉर्डात हलवा."

हंसाबेनना कुंपणावरून, गॅरेजच्या उघड्या दारातून, कापड घेतलेली आकृती दिसली होती. त्यांनी आईला विचारले, "रेजिनाबेन, नयी बहू लाये हो क्या? मुँहदिखाई कब है?" आई पोट धरून हसली. पुढे काही महिने पुतळ्याचे नाव आमच्या घरात सूनबाई होते. "सूनबाईंचं काय आज?" आई विचारी, आणि पप्पा म्हणत, "आज नाक आलं," किंवा "आज डाव्या हाताची बोटं सुटी झाली."

ईस्टरआधीचे लेंटचे उपास चालू असताना एका रविवारी मिस्सानंतर आईच्या कानावर आले की प्लास्टरचा विषय कमिटीत पुन्हा निघाला आहे. पास्कल काय करतो आहे ते कोणी पाहिलेले नाही, असा मुद्दा होता. मुद्दा चुकीचा नव्हता. आईने तो घरी येईपर्यंत मनात ठेवला आणि पप्पांना सांगितला नाही. त्या आठवड्यात पप्पा पाळीवर असतानाच्या एका दुपारी तिने फादर ब्रायनना आणि कमिटीच्या सेक्रेटरी मिसेस हॅलमना चहाला बोलावले. पप्पांच्या हातावर तिचा इतका विश्वास होता की दाखवले म्हणजे प्रश्न मिटला, याविषयी तिला शंकाच नव्हती. ती सकाळपासून फुगे तळत होती. हे आमच्याकडे लग्नाला करतात, आंबवलेल्या पिठाचे गोल, पोकळ, चेंडूसारखे.

फादर ब्रायननी फुग्यांवर ताव मारला. मिसेस हॅलम निवृत्त शिक्षिका होत्या, सभ्य आणि सावध. त्यांनी एक खाऊन रेसिपी विचारली. मग सगळे कोट चढवून मागच्या गल्लीत गेलो.

"पास्कलची हरकत नाही ना?" फादर ब्रायननी दारात विचारले.

"ते कामावर आहेत, फादर. पाच मिनिटांचं तर काम आहे," आई म्हणाली. तिने ट्यूबलाइट लावली, पुतळ्यासमोर उभी राहिली आणि लग्नघरातल्या बाईसारखे दोन्ही हातांनी कापड वर उचलले.

मी तिच्या मागे होते. जे दिसले ते असे: फुगलेले, पुढे आलेले कपाळ. लांब मान, तीही पुढे काढलेली. भुवयांखाली काळ्या खाचा, आणि त्यांत पापण्या अशा कापलेल्या की डोळे कोणाकडेच बघत नव्हते, आमच्या पलीकडे कुठेतरी खाली. तोंड अर्धवट उघडे आणि एका बाजूला ओढलेले. पक्षाघात झालेल्या माणसाचे असते तसे. आईने असे चेहरे रोज पाहिलेले होते. कापड तिच्या हातातच राहिले.

मला योहानविषयी सांगितलेले होते. ते मला तेव्हा आठवायला हवे होते, असे कोणी म्हणेल. ते आठवलेही. पण आठवल्याने डोळ्यांना दिसते ते बदलत नाही.

"खूपच... एक्स्प्रेसिव्ह आहे," मिसेस हॅलम म्हणाल्या.

फादर ब्रायननी घसा साफ केला. "रेजिना, मानेचं काम अजून राहिलंय का?"

"हो," आई म्हणाली. "मान राहिलीये. आणि चेहरापण थोडा राहिलाय."

तिला यातले काही माहीत नव्हते. ती फक्त नवऱ्याची बाजू सावरत होती. मिसेस हॅलमनी पर्समधून छोटा डिजिटल कॅमेरा काढला. कमिटीला दाखवायला एक फोटो घेते, चालेल ना? आई हो म्हणाली. मिसेस हॅलम पुतळ्याच्या अगदी समोर, सरळ उभ्या राहिल्या. फ्लॅश पडला.

संध्याकाळी पप्पा आले आणि नेहमीप्रमाणे घरात शिरण्याआधी गॅरेजमध्ये गेले. आईने कापड पुन्हा घातले होते. पण घालताना ते हॉस्पिटलच्या चादरीसारखे घातले, कोपरे दुमडून, सारखे करून. पप्पा स्वयंपाकघरात आले तेव्हा कोट अंगावरच होता.

"कोणाला दाखवलीस?"

"फादरना. आणि मिसेस हॅलमना. अहो, ते प्लास्टरची मागवायला निघाले होते. मी म्हटलं, एकदा बघितली तर गप्प बसतील."

"तू पण बघितलीस."

"हो."

"कशी आहे?"

आई शेगडी पुसत होती. "चांगली आहे," ती म्हणाली. तिचा स्वर असा होता की पप्पांनी पुन्हा विचारले नाही.

"फोटो काढला त्यांनी," मी म्हटले.

"कुठून?"

"समोरून."

"उभं राहून?"

मी मान हलवली. पप्पा खुर्चीत बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "फुगे उरलेत का?" आईने ताट वाढले. त्यांनी एक फुगा तोडला, आतल्या पोकळीकडे पाहिले आणि खाल्ला. या गोष्टीवरून ते आईला तेव्हा किंवा नंतर एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर आईला सोपे गेले असते.

कमिटीने फोटो पाहिला. ईस्टरच्या आठवड्यात फादर ब्रायन आमच्याकडे आले आणि स्वयंपाकघरातच बसले. त्यांना हे काम आवडत नव्हते हे दिसत होते. लोकांना चेहऱ्याची थोडी भीती वाटली, ते म्हणाले. मुले असतात, म्हाताऱ्या बाया असतात. रेजिना म्हणाली काम अजून राहिलेय, तर चेहरा आणि मान जरा सौम्य करता येईल का?

पप्पांनी आईकडे पाहिले नाही. "काम झालेलं आहे, फादर. चेहरा कमी केला तर वर गेल्यावर तिला कपाळच उरणार नाही. तुम्ही योहानला जवळून बघितलंय."

"मी बघितलंय. कमिटीनं नाही."

"मग चढवा. दारात उभे राहा आणि बघा. नाही आवडली तर मी माझ्या हातानं उतरवतो."

"त्यांनी ठरवलंय, पास्कल. चेहरा आहे असाच राहणार असेल, तर चढवायची नाही. प्लास्टरची पण नको असं ठरलं, ते मी करून घेतलं. कोनाडा आहे तसा राहील." फादर ब्रायननी कपाळ चोळले. "आणि स्कॅफोल्डवाले मंगळवारी येतायत."

पप्पा बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेना. आई उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मी पाहिले की ती पाठीवर थोपटत नव्हती. ती तळहाताने श्वास तपासत होती. तिचा चेहरा वॉर्डातला झाला होता.

मंगळवारी स्कॅफोल्ड उतरले. पप्पा पाळीवर गेले नाहीत. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून लोखंडी नळ्या खाली येताना बघत राहिले. त्यांना घरी आणायला मी गेले होते. वाटेत ते एवढेच बोलले की मेस्त्रीचे एखादे काम असे परत आले असेल का, आणि आले असेल तर त्याने ते कुठे ठेवले असेल.

फुप्फुसांच्या आजाराला हॉस्पिटलमध्ये एक लांब नाव होते आणि त्या नावाचा अर्थ, कारण माहीत नाही, असा होता. लाकडाची धूळ का, असे आईने विचारले. सांगता येत नाही, असे उत्तर आले. फुप्फुसे आतून घट्ट होत जातात. गॅरेजमधले ठोके आधी विरळ झाले, मग थांबले. पुढच्या खोलीतला सोफा काढून तिथे हॉस्पिटलचा बेड आला, खाली-वर होणारा, आणि एक ऑक्सिजनचे यंत्र. ते दिवसरात्र घरघरत असे आणि ठरावीक अंतराने एक उसासा टाकत असे. आता घरातला पहिला आवाज तो होता. आईने ड्यूटी कमी करून घेतली. ज्या पेशंटला तिने दुसऱ्या वॉर्डात पाठवायचे ठरवले होते तो तिच्याच वॉर्डात आला, हे त्या दोघांपैकी कोणीही गमतीने म्हटले नाही.

पावसाळी दिवसांत गॅरेजला ओल येई. पप्पांनी मारियाला घरात आणायला सांगितले. हंसाबेनच्या दोन मुलांनी ती उचलून आणली. पाठ पोकळ असल्यामुळे ती दिसते त्यापेक्षा हलकी होती.

"कुठे ठेवू, अंकल?"

"साइडबोर्डवर. बेडच्या समोर."

"पडेल," आई म्हणाली.

"नाही पडणार. आणि कापड काढ."

आईने कापड काढले, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यानंतर ती खोलीत असे तेव्हा तिची खुर्ची बेडच्या कडेला, पुतळ्याकडे पाठ करून असे. औषध द्यायला उभी राहिली की नजर बाटलीवर. भेटायला येणारी माणसे एकदा वर बघत आणि मग गालिच्याबद्दल बोलत. लेस्टरच्या मराठी मंडळातल्या एक बाई आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजारी माणसाच्या समोर असलं तोंड नसावं हो." आई म्हणाली, "त्यांचं आहे. त्यांना हवंय." मी उभी असताना बघत होते तोवर मलाही ती तशीच दिसत राहिली, गॅरेजमध्ये दिसली तशी.

पप्पा मात्र तासन्‌तास तिच्याकडे बघत. एकदा आईने विचारले, "काय बघता एवढं?"

"काम." ते नळीतून श्वास घेत थांबले. "रेजिना, काम बरं झालंय."

"हो. चांगलं झालंय," आई म्हणाली आणि उशी सारखी केली.

ऑक्टोबर सरायच्या आत पप्पा गेले. दुपार होती, आई जवळ होती, मी कॉलेजात होते. त्याविषयी मला जे माहीत आहे ते आईने सांगितलेले आहे आणि ते मी इथे लिहीत नाही. शवपेटी वेदीसमोर ठेवली होती. फादर ब्रायन चांगले बोलले. मी बाकावरून वर बघितले. योहान रडू आवरत होता आणि समोरचा कोनाडा रिकामाच होता. आयरिश म्हातारी रांगेतून पुढे आली आणि तिने आईचा हात धरला. ते चर्चही आता बंद आहे. दोन पॅरिश एक झाले, कुलूप लागले. वेदी आतच आहे, असे ऐकते.

बेड आणि यंत्र परत न्यायला माणसे येणार होती, त्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले. घरात यंत्राचा आवाज नव्हता. मी आईला हाक मारली. पुढच्या खोलीचे दार अर्धे लोटलेले होते.

आई बेडवर आडवी होती. चादर काढलेली, नुसती प्लॅस्टिकची गादी. अंगात काळा कार्डिगन, पायांत बूट, हात छातीवर. मला गॅरेजमधली चटई आठवली.

"आई, बरं वाटत नाही का?"

"आवरायला बसले होते," ती म्हणाली. "पाठ भरून आली म्हणून टेकले." मग ती भिंतीकडे सरकली. "सेलू, इथे ये. आडवी हो."

मी बूट काढून तिच्या शेजारी आडवी झाले. बेड दोघींना पुरत नव्हता.

कपाळ नेहमीएवढे होते. मान नव्हती, म्हणजे असते तेवढीच होती. खाचांत सावली बसली होती आणि त्या सावलीमुळे डोळ्यांत नजर आली होती. तोंड ओढलेले नव्हते. काहीतरी बोलायला उघडलेले आणि न बोलता राहिलेले होते. चेहरा आमच्यापैकी कोणाचा नव्हता. पप्पांनी तो आजीचा किंवा आईचा केला असता तर सांगायला सोपे गेले असते. ती एक बाई होती, वर उभी, आणि खाली जो कोणी पडलेला असेल त्याच्याकडे बघत होती. त्या वेळी आमच्याकडे बघत होती.

"मला वाटायचं, ते असंच म्हणतात," आई म्हणाली. "मी पण असंच म्हणायचे. चांगलं झालंय, चांगलं झालंय." "मी रोज इथे बसायचे, सेलू. इथे, या खुर्चीत."

मी तिचा हात धरला. तो गार होता. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला, मग व्हॅनचे दार सरकल्याचा, मग बेल वाजली.

"आज नको म्हणावं," आई म्हणाली. तिने डोळे पुतळ्यावरून काढले नव्हते. "उद्या या म्हणावं."

मी मोज्यांतच दारात गेले. लेस्टरचाच एक तरुण होता, हातात क्लिपबोर्ड, मागे व्हॅनचे दार उघडे. त्याने आमचा पत्ता वाचून दाखवला आणि कागदावर बोट ठेवून म्हणाला की इथे तर कलेक्शन लिहिलेय. मग माझ्याकडे बघून जरा घुटमळला.

"बेड अजून कोणी वापरतंय का?" त्याने विचारले.

मी हो म्हणाले.